बाय सल्ला देत नसत

पहिल्यांदा आमच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. एकदम विचारलं, "गाठ कितीची हाय?"

भिवंडीतल्या टेमघरच्या आमच्या घराचं दार मी अर्धंच उघडलं होतं. बायोप्सीचा रिपोर्ट येऊन तीन दिवस झाले होते. शाळेत मी ताप आल्याचं कळवून रजा टाकली होती. माझे यजमान आणि सासूबाई सोडले तर कोणाला पत्ता नव्हता, बारावीतल्या लेकीलाही आम्ही अजून काही बोललो नव्हतो. आणि समोर ही अनोळखी बाई. पन्नाशी उलटलेली, ठसठशीत, अंगावर लग्नाला निघाल्यासारखं सोनं, केसांत अबोलीचा गजरा, हातात स्टीलचा डबा.

मी म्हटलं, तुमचं घर चुकलंय. त्यांनी मान हलवली. तपासणी केंद्रात झाडलोट करणारी बाई त्यांच्या गावची होती. तिनं नाव सांगितलं नव्हतं. शाळेतली बाई आहे, टेमघरला राहते आणि जिन्यातून रडत गेली एवढंच तिच्या तोंडून निघालं होतं. तेवढ्यावरून त्यांनी मला शोधून काढलं होतं. मला संताप आला. मी दार लावून घेतलं. पाच मिनिटांनी फटीतून पाहिलं तर त्या जिन्याच्या पायरीवर बसलेल्या, डबा मांडीवर, आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनींना सांगत होत्या, "बाईंचं काम हाय, थांबलंय." वहिनी अजून काही विचारतील या धास्तीनं मी त्यांना आत घेतलं.

आत आल्यावर त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, पावणेदोन सेंटीमीटर. हजेरी घेताना नंबर पुकारावा तसा माझा आवाज आला. त्या क्षणापर्यंत मी तो आकडा मोठ्यानं उच्चारलाच नव्हता.

सगळे त्यांना बाय म्हणत. त्या जवळच्याच दापोडे गावच्या, घरचं भाताचं शिवार होतं, आता त्या जागेवर गोदामं उभी होती आणि दोन्ही मुलांचा ट्रान्सपोर्टचा धंदा होता. गोदामांच्या मधोमध त्यांचं घर. ओट्यावर बसलं की समोरून कंटेनर मागे घेणाऱ्या ड्रायव्हरांचा गलका चाललेला असे. बाय ओट्यावरून त्यांना हिंदीत सूचना करत आणि ते ऐकतही. सहा वर्षांपूर्वी त्यांचा उजवा स्तन काढला होता. तेव्हापासून भिवंडीत आणि आसपासच्या गावांत ज्या बाईला हा आजार निघाला, तिच्या दारात त्या न बोलावता जात. कोणी हाकलून देई, कोणी रडे, कोणी माझ्यासारखं शेजाऱ्यांच्या भीतीनं आत घेई. त्यांना कशाचंच काही वाटत नसे.

त्यांचे काही नियम होते. आजाराला "ते", "तसलं", "आतलं दुखणं" असं म्हटलेलं त्यांना चालत नसे. पहिल्याच दिवशी सासूबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हिला जरा बरं नाही." बाय म्हणाल्या, "कॅन्सर हाय आजी. नाव घ्या, नाव घेतल्यानं वाढत न्हाय." सासूबाईंनी चहा ठेवला आणि त्या समोर बसल्या. मग बायनी डबा उघडला. त्यात तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी होती. आमचं घर शाकाहारी. सासूबाई उठल्या आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडून आल्या. बाय तिथेच जमिनीवर मांडी घालून जेवल्या, कारण त्यांच्या जेवणाची वेळ झाली होती.

दुसरा नियम भीतीचा. कोणी "खूप भीती वाटते" म्हटलं की त्या म्हणत, खूप म्हणजे काय? एक नंबरला काय हाय ते सांग. मी म्हटलं, मरायची. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, ती सगळ्यांचीच असते, तुझी सांग. मग तोंडातून निघून गेलं की माझ्या आंघोळीनंतर मी कपडे घालताना मुलगी खोलीत येते, तिच्यासमोर मी आजवर कधी आडोसा धरला नाही, आता धरावा लागेल. हे बोलल्यावर मी इतकी ओशाळले की आत निघून गेले. जीव वाचेल की नाही याचा ठिकाणा नाही आणि मला हे सुचतंय. परत आले तर बाय भाकरीचा शेवटचा तुकडा चटणीला लावत होत्या. म्हणाल्या, "बराबर हाय. लिहून ठेव. डॉक्टरला सांग."

आणि तिसरा नियम, ज्यानं मी त्या दिवसांत सर्वांत जास्त हैराण झाले, तो म्हणजे त्या सल्ला देत नसत. काहीही विचारा, हे कर, ते करू नको, असं त्यांच्या तोंडून येत नसे.

मला मात्र तेच हवं होतं. ठाण्याच्या सर्जननी मला दोन रस्ते सांगितले होते. एक, गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढायचा, स्तन ठेवायचा आणि नंतर काही आठवडे रोज रेडिएशन घ्यायचं. दुसरा, संपूर्ण स्तन काढायचा. निर्णय तुमचा, आठ दिवसांत कळवा, असं म्हणून त्यांनी फाइल मिटली होती. आयुष्यात साडीसुद्धा मी दोघांना विचारून घेतली. बी.एड. वडिलांनी ठरवलं, स्थळ मामांनी आणलं. आणि आता म्हणे निर्णय तुमचा.

घरी यजमानांचं ठरलं होतं. ते चांगले आहेत, मितभाषी आहेत, भ्याले की मात्र ठाम बोलतात. पूर्ण काढून टाकू, डोक्याला ताप नको, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत. सासूबाईंकडून कळल्यावर नणंदेनं फोनवर एका वैदूचा लेप सुचवला, तिच्या ओळखीत कोणाची तरी गाठ विरघळली होती. मी दिवसभर माझ्या खोलीत एकटी उत्तरपत्रिका घेऊन बसे. एक पेपर तपासायचा आणि हात गाठीवर जायचा. पुन्हा एक पेपर, पुन्हा हात. कधी वाटे वाढली, कधी वाटे कमी झाली. त्या गठ्ठ्यात मी एकाच मुलीला दोनदा गुण दिले आणि एकीचा पेपर तपासलाच नाही, हे पुढे शाळेत उघड झालं.

लेपाचं कानावर येताच बायनी त्यांची स्वतःची हकीकत सांगितली. सल्ला म्हणून नाही, घडलं ते. त्यांना गाठ लागली तेव्हा त्या वाडा तालुक्याच्या बाजूला एका माणसाकडे गेल्या होत्या. चार महिने त्यानं हिरवा लेप लावला. गाठ फुटून घाण बाहेर पडेल, असं तो म्हणायचा, आणि चौथ्या महिन्यात खरंच कातडी फुटली. हॉस्पिटलात नेलं तेव्हा निवडायला काही उरलंच नव्हतं. आधी केमो, मग सगळं काढलं. "मना कोनी दोन रस्ते दाखवलेच न्हाय," त्या म्हणाल्या, "एकच होता, तो पन अर्धा बुजलेला." सासूबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. लेपाचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

आठ दिवसांतले पाच गेले तेव्हा बाय म्हणाल्या, डॉक्टरकडे पुन्हा जाऊ. यजमानांना ते पटलं नव्हतं, तरी आले. सर्जनच्या केबिनमध्ये खुर्च्या दोनच. बाय भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी सगळं पुन्हा शांतपणे सांगितलं. त्यांचं बोलणं संपलं, मी मान डोलावली, यजमान उठायला लागले, तेवढ्यात मागून बाय बोलल्या. "आता तू सांग डॉक्टरला, तो काय बोल्ला ते."

वीस वर्षं मी मुलांना उभं करून हेच विचारत आले आहे. मी उभी राहिले नाही एवढंच. म्हटलं, डॉक्टर म्हणाले की स्तन ठेवला तर कॅन्सर परत येणार, पूर्ण काढला तर येणार नाही, पण ठेवायचा असेल तर माझी इच्छा.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, मी असं अजिबात म्हणालो नाही. तुमच्या गाठीच्या बाबतीत दोन्ही मार्गांनी जगण्याची शक्यता सारखीच आहे. ठेवलेल्या भागात पुन्हा उद्भवण्याचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून तर रेडिएशन द्यायचं. आणि पूर्ण काढलं तरी धोका शून्य होत नाही.

मी यजमानांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनीही माझ्यासारखंच ऐकलं होतं. आम्ही दोन शिकलेली माणसं, दोनदा समोर बसून, भीतीनं जे ऐकू आलं तेच खरं मानलं होतं. बायनी मला तीनदा परत सांगायला लावलं. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, बरोबर. मग आंघोळीनंतरची, मुलीची गोष्ट मी त्यांना सांगितली. मान खाली घालूनच सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, हे कारण पुरेसं आहे, आणि उद्या तुम्हाला उलटं वाटलं, कटकट नको म्हणून सगळं काढावंसं वाटलं, तर तेही पुरेसं आहे.

म्हणजे पुन्हा माझ्यावरच. हॉस्पिटलच्या बाहेर यजमान रिक्षा शोधायला गेले तेव्हा मी बायचा दंड धरला आणि म्हटलं, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं ते सांगा. आज सांगितल्याशिवाय मी सोडणार नाही.

त्यांनी दंड सोडवून घेतला. त्यांना राग आलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. बाजूच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर त्या बसल्या आणि रस्त्याकडे बघत बोलल्या. त्यांच्या भावजयीला हाच आजार निघाला होता. गाठ लहान, माझ्यासारखेच दोन रस्ते. तिनं बायना विचारलं. बाय म्हणाल्या, काढून टाक, मी काढलं, काय झालं मला? तिनं काढलं. ऑपरेशन चांगलं झालं, तब्येत सुधारली. पण ती लग्नकार्याला जाईनाशी झाली, आरसा उलटा करून ठेवू लागली. दोन वर्षांनी घरच्या हळदीत, चारचौघींच्या देखत, ती बायना म्हणाली, माझं तुझ्या सांगण्यावरून गेलं.

"ती खोटं न्हाय बोल्ली," बाय म्हणाल्या. "मी माझा घाव तिच्या अंगावर घातला. मना एकटीला बरं न्हाय वाटत व्हतं, म्हनून. आता मी कोनाला सांगत न्हाय. तू मना पुन्यांदा विचारू नको."

मी पुन्हा विचारलं नाही. तीन दिवस मी जेवले की नाही आठवत नाही. आठव्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं, ठेवायचा. फोन ठेवल्यावर हलकं वगैरे वाटलं नाही. आता चुकलं तर दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवता येणार नव्हतं. यजमानांनी विचारलं, नक्की ना? मी हो म्हटलं. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी लेकीला समोर बसवून सांगितलं. तिनं पहिला प्रश्न विचारला, "मला कधी सांगणार होतात?"

ऑपरेशननंतर, काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ आहेत की नाहीत, याचा रिपोर्ट यायला आठवडा लागला. कडेला पेशी सापडल्या असत्या तर पुन्हा ऑपरेशन, कदाचित पूर्ण काढणं. त्या आठवड्यात बाय रोज येत आणि आमच्या हॉलमध्ये शिवण घेऊन बसत. ज्या बायकांचा स्तन काढलेला असे त्यांच्यासाठी त्या ब्लाउजच्या आत घालायच्या उशा शिवत. दुकानातली रबराची घामानं चिकटते, अशी त्यांची तक्रार होती. भिवंडीत कापडाला तोटा नाही. भाच्याच्या लूमवरचं कोरं सुती कापड, आत सुताचा वेस्ट, म्हणजे विणून उरलेला कचरा, आणि वजनासाठी मोहरी. हे सूत्र त्यांना सहज सापडलं नव्हतं. आधी तांदूळ भरले तर त्यांत पोरकिडे झाले. मग नुसतं सूत भरलं, तर एका साखरपुड्यात वाकून पाया पडताना उशी वर सरकत गळ्यापर्यंत आली आणि बाय पदर गच्च धरून तासभर तशाच बसल्या. हे सांगताना त्या इतक्या हसल्या की सासूबाईही हसल्या. मी हसले आणि टाके दुखले. सातव्या दिवशी रिपोर्ट आला. कडा स्वच्छ होत्या.

रेडिएशनला रोज ठाण्याला जावं लागे. वाटेतल्या पुलावरची वाहतूक तुंबली की नंबर हुकेल म्हणून माझा जीव वरखाली होई. पहिले चार दिवस बाय बरोबर आल्या. त्यांचीही वार्षिक तपासणी त्याच सुमारास होती आणि तपासणीला त्या सगळं सोनं घालून जात. मशीनच्या खोलीत सोनं चालत नाही, हे त्यांना दर वर्षी नव्यानं सांगावं लागे. त्या दिवशीही बाहेर रांग खोळंबलेली आणि बाय एकेक दागिना उतरवतायत. तो सगळा ऐवज माझ्या हातरुमालात बांधून त्या आत गेल्या. त्या गर्दीच्या हॉलमध्ये मी ते गाठोडं पोटाशी धरून बसले. कोणी जवळून गेलं की अंग चोरत होते. माझा नंबर पुकारला तेव्हा ध्यानात आलं की अर्धा तास मला स्वतःची भीती वाटलीच नव्हती. पुढे एकदा मी त्यांना विचारलं, मुद्दाम केलं होतंत ना? त्या म्हणाल्या, "न्हाय गं. मना सोनं आवडतं."

या गोष्टीला सहा वर्षं झाली. माझ्या तपासण्या चांगल्या येतायत. दर तपासणीच्या आधी आठवडाभर मी घरच्यांवर खेकसते, खोकला आला तरी घाबरते. ते गेलेलं नाही. पण लेक अजून माझ्या खोलीत न ठोठावता येते.

बायचा आजार उलटला तेव्हा त्यांनी तो लपवला. दुसऱ्यांना नाव घ्यायला लावणारी बाई पाठदुखीला वात म्हणत राहिली. एकदा आमच्याकडे जमिनीवर बसताना त्यांनी ओठ घट्ट मिटून भिंतीचा आधार घेतला. मी म्हटलं, तपासलंत का? त्या म्हणाल्या, तुमच्या घराची फरशीच थंड हाय. दोन महिने त्यांनी असे काढले. मग मी आणि धाकट्या मुलानं त्यांना जवळजवळ उचलून नेलं. हाडांत पसरला होता. तुम्ही असं कसं केलंत, असं मी रागानं विचारलं तर म्हणाल्या, "मना भ्या वाटलं." एवढंच.

गोळ्यांवर सव्वा वर्ष बरं गेलं. मग यकृतात निघालं, मग सलाइनमधून केमो, त्यात अंगातली सगळी ताकद गेली. शेवटी डॉक्टर म्हणाले, अजून एक औषध आहे, थोडा काळ मिळेल किंवा मिळणारही नाही, त्रास मात्र नक्की होईल. बायनी त्यांना उलटसुलट विचारून घेतलं आणि नको म्हणाल्या.

थोरल्या मुलाचा मला फोन आला. आई आमचं ऐकत नाही, ती तुमचं ऐकेल, येऊन समजवा, असं तो म्हणाला. दापोड्याला जाताना रिक्षात मी वाक्यं जुळवत होते. निदान एकदा घेऊन बघा. आमच्यासाठी घ्या. मला त्या हव्या होत्या, मुलांइतक्याच.

त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. सोनं उतरवलेलं, मान बारीक झालेली. मी शेजारी बसले आणि जुळवलेल्या वाक्यांतलं एकही बाहेर आलं नाही. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? त्यांनी सांगितलं. एक शब्द चुकला नाही. मग मी विचारलं, सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते?

"मरनाची न्हाय," त्या म्हणाल्या. "पोरं मना गाडीत घालून नेतील आन् त्या पुलावर ट्रॅफिकमधी जीव जाईल. काचेतून ट्रकच्या चाकाकडं बघत. मना माझ्या घरात पाहिजे."

मी त्यांचा हात धरून बसले. बाहेर कंटेनर मागे घेत होते. मला अजून वाटत होतं की आता म्हणावं, एकदा घ्या. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी काय ठरवतेय ते त्यांना कळत होतं, असं मला वाटलं. मी उठून बाहेर ओट्यावर आले आणि मुलांना सांगितलं की आईला सगळं नीट कळलंय आणि तिनं ठरवलंय. आता डॉक्टरांना विचारून घरी द्यायची दुखण्यावरची औषधं घेऊन ठेवा. धाकटा मान खाली घालून उभा राहिला. थोरला म्हणाला, यासाठी बोलावलं होतं का तुम्हाला, आणि आत निघून गेला.

बाय पाच आठवड्यांनी, एका सकाळी, आपल्या खोलीतच वारल्या. सून त्यांचे केस विंचरत होती. औषधं वेळेवर मिळत होती, त्यामुळे शेवटच्या दिवसांत त्या दुखण्यानं कळवळल्या नाहीत.

तेरावं झाल्यावर मी भेटायला गेले. थोरला ओट्यावर एकटाच होता. त्यानं मला खुर्ची दिली, स्वतः उभाच राहिला. मग म्हणाला, "तुम्ही बोलला असता तर आईनं ऐकलं असतं."

"हो, ऐकलं असतं," मी म्हटलं. "म्हणूनच मी बोलले नाही."

मला पटलं नाही, असंही तो म्हणाला नाही आणि पटलं असंही नाही. मी बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठाऊक नाही. रिक्षात जुळवलेली ती वाक्यं अधूनमधून डोक्यात चालू होतात. त्या दिवशी मात्र तो आत वळला आणि बायकोला हाक मारून म्हणाला, बाईंसाठी चहा टाक. आणि माझ्या शेजारी, खाली जमिनीवर बसला.